सिएटल ते व्हिक्टोरिया (कॅनडा) छोट्या मोटरबोटीने: कोणी गेलं आहे का?

रेडमंडचा_रम्या

नमस्कार मंडळी.

आमच्या चौकडीतल्या एकाने (नाव सांगत नाही, तोही इथे वाचतो) मे महिन्यात चोवीस फुटी सेकंडहँड मोटरबोट घेतली. मागे एकच २५० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, पुढे इवलीशी केबिन, त्यात दोघं कसेबसे आडवे होतात. जूनभर लेक वॉशिंग्टनवर फिरवली. मग बॅलर्डच्या लॉक्समधून (तळं आणि समुद्र यांच्यामधले पाणदरवाजे) बाहेर काढून बेनब्रिज झालं, किंग्स्टन झालं. आता डोक्यात किडा शिरलाय तो सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीत थेट व्हिक्टोरिया गाठायचा.

बेत असा: शनिवारी सकाळी नऊला सिएटलच्या शिलशोल मरीनातून निघायचं, दुपारचं जेवण व्हिक्टोरियात, दोन रात्री मुक्काम, सोमवारी परत, मंगळवारी ऑफिस. नकाशावर सत्तर सागरी मैल दिसतात आणि बोट २५ नॉटने (तासाला २५ सागरी मैल) आरामात पळते, म्हणजे झाले तीन तास. सिएटल-व्हिक्टोरिया क्लिपर फेरीबोटीलाही तेवढाच वेळ लागतो.

माणसं: बोटमालक अमेरिकन नागरिक. मी ग्रीन कार्डवाला. तिसरा एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसावर), त्याचा पासपोर्टातला स्टँप मार्चमध्ये संपलाय पण आय-९४ (अमेरिकेत राहायच्या मुदतीची नोंद) पुढच्या वर्षापर्यंत आहे. गेल्या वर्षी बॅन्फला गेला होता तेव्हाचा कॅनडाचा मल्टिपल व्हिसा अजून चालू आहे. चौथा ऐनवेळी गळला, म्हणून त्याच्या जागी माझा मेहुणा, जो कोल्हापूरहून महिनाभरासाठी पर्यटक व्हिसावर आलाय आणि "समुद्रातून कॅनडा" म्हटल्यापासून रोज नवीन टोपी विकत घेतोय.

बोटीवर जीपीएस प्लॉटर आहे, व्हीएचएफ (बोटींचा) रेडिओ आहे, रडार नाही. बायकोचं म्हणणं, आधी कोणाला तरी विचार. म्हणून विचारतोय. कितपत अवघड आहे? कागदपत्रं काय लागतात?

पोहे_आणि_पाऊस

क्लिपरचं तिकीट काढा. गरम कॉफी मिळते, वर संडास आहे.

(बोटीवर संडास आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चार पुरुष असले तरी प्रश्न उरतोच.)

हर्णैकर

रम्या, सत्तर भागिले पंचवीस हे गणित तळ्यावरचं आहे. या रस्त्यावर आधी घड्याळ बघायचं, मग मैल. मी एव्हरेटला राहतो, बोट तिथेच असते, आणि हा रस्ता माझ्या ओळखीचा आहे. जमेल तेवढं सविस्तर लिहितो.

शिलशोल ते पोर्ट टाउनसेंड हा पहिला तुकडा, तेहेतीसेक मैलांचा. दोन्ही बाजूंना किनारा, काही बिनसलं तर आत शिरायला जागा. त्याबद्दल फार बोलत नाही. पण पोर्ट टाउनसेंडच्या पुढे पॉइंट विल्सनचं दीपगृह ओलांडलंस की हुआन द फुकाची सामुद्रधुनी सुरू होते. तिथून व्हिक्टोरियापर्यंत तीस मैल उघडं पाणी, पश्चिमेला थेट पॅसिफिक. माझं सगळं म्हणणं या तीस मैलांबद्दल आहे.

उन्हाळ्यात आतला मुलूख तापतो, तिथली हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा या सामुद्रधुनीतून आत ओढली जाते. दक्षिणेला ऑलिंपिकचे डोंगर, उत्तरेला व्हँकुव्हर बेट, वाऱ्याला दुसरी वाट नाही. दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठतो तो २०-२५ नॉट, कधी ३०, आणि रात्री उशिरापर्यंत उतरत नाही. वर आभाळ स्वच्छ असतं, ऊन असतं, फोटो झकास येतात. आणि चोवीस फुटी बोट दर लाटेवर आपटत असते. सिएटलला उकडतंय म्हणून सगळे खूश असतात ना, नेमक्या त्याच दिवशी इथला वारा वाईट. तू नऊला निघालास तर अकराच्या सुमारास पॉइंट विल्सनला आणि बारा-एकला भर मध्यावर असशील. वाऱ्याला बोलावणं धाडल्यासारखंच.

मग पहाटे निघू म्हणशील. ऑगस्ट-सप्टेंबरात पहाटे धुकं. सामुद्रधुनीतलं पाणी भर उन्हाळ्यातही दहा अंश सेल्सियसच्या आसपास असतं, त्यावर ओलसर हवा आली की धुकं पडतं आणि दहा-अकरापर्यंत हलत नाही. रडार नाही म्हणतोस. त्याच पाण्यातून सिएटल, टकोमा, व्हँकुव्हरची कंटेनर जहाजं आणि चेरी पॉइंटच्या रिफायनरीचे टँकर ये-जा करतात. त्यांच्यासाठी आखलेल्या मार्गिका तुला आडव्या ओलांडायच्या आहेत. धुक्यात भोंगा ऐकू येतो, पण कुठल्या बाजूने ते कळत नाही. रडार नसेल तर धुक्यात जायचं नाही, यावर मी वाद घालत नाही.

तेव्हा धुकं विरल्यावर आणि वारा उठण्याआधी जी दोन-तीन तासांची फट मिळते, ती तुझी. कधी ती मिळते, कधी नाही. सोमवारी मिळेलच असं सांगणारा मला अजून भेटायचाय.

यात तिसरी भानगड भरती-ओहोटीची. अख्ख्या प्युजेट साउंडचं पाणी मुख्यतः ॲडमिरल्टी इनलेटच्या तोंडातून आत-बाहेर करतं, तिथे चार-पाच नॉटचा प्रवाह असतो. उत्तरेकडे जाताना सगळे ओहोटी धरतात, फुकटचा वेग मिळतो म्हणून. पण ओहोटीचं पाणी पश्चिमेला चाललेलं आणि वारा पश्चिमेकडून येतोय. दोघं समोरासमोर भिडले की लाट आखूड आणि उभी होते. हर्णैला उधाणाच्या ओहोटीत समोरून वारा असला की आमचे बाबा होडी बंदरात घ्यायचे नाहीत, बाहेर नांगर टाकून विडी ओढत बसायचे. इथेही वेगळं काही नाही, फक्त विडी नाही.

गेल्या साली मी, आमचा एक पुणेकर आणि माझा बॅलर्डचा म्हातारा दोस्त असे गेलो. दोस्त नॉर्वेजियन घराण्यातला, उमेद होती तोवर अलास्कात मासेमारी केलेला, बोलतो कमी. रात्री पोर्ट टाउनसेंडला थांबलो, सकाळी निघालो. हवा छान, वारा जेमतेम दहा नॉट. पॉइंट विल्सन जवळ आलं तशी पाण्यावर एक रेघ दिसली. अलीकडचं पाणी सपाट. पलीकडे तीन-चार फुटी लाटा जागच्या जागी उठतायत आणि तिथेच कोसळतायत, पुढे सरकत नाहीत. आवाज आधी आला, भाताच्या आधणासारखा. मधोमध एक ओंडका सरळ उभा राहिला, पूर्ण दिसला, आणि खाली गेला. पुणेकर म्हणाला, "अहो पण वारा तर नाहीये!" म्हाताऱ्याने काही न बोलता थ्रॉटल मागे घेतला, बोट वळवून पॉइंट हडसनच्या आडोशाला आणली आणि थर्मास उघडला. पाऊण तासाने प्रवाह मंदावला तेव्हा ती रेघ विरत गेली आणि आम्ही त्याच जागेवरून कपातली कॉफी न सांडता पार झालो. प्रवाहाचं कोष्टक बघायचं ते यासाठी. भरती-ओहोटीचं कोष्टक वेगळं आणि प्रवाहाचं वेगळं हेही ध्यानात ठेव. पाणी चढायचं थांबलं म्हणजे वाहायचं थांबलं असं इथे होत नाही.

आता ओंडके. उधाणाच्या भरतीला किनाऱ्यावर पडलेली लाकडं उचलली जातात आणि दोन दिवस तरंगत फिरतात. काही उभी तरंगतात, वर फक्त वीतभर टोक. २५ नॉटने त्यावर गेलास तर प्रोपेलर गेला, आणि तुला इंजिन एकच. शेजारी छोटं किकर इंजिन आहे का? नसेल तर मित्राला म्हणावं नऊ-दहा हॉर्सपॉवरचं लावून घे, नाहीतर निदान टोइंगचं सदस्यत्व घे आणि ते कॅनडाच्या पाण्यात चालतं का ते विचार. बोटीच्या विम्याचंही तेच. बऱ्याच पॉलिसींमध्ये कुठपर्यंत जायचं त्याची हद्द लिहिलेली असते. तेवढं पान काढून वाचा.

लाइफजॅकेट पेटीत नाही, अंगात. दहा अंशाच्या पाण्यात पडलेल्या माणसाला श्वास ताब्यात आणायला पहिलं मिनिट जातं, आणि हातपाय कामाचे राहतात ते साधारण दहा मिनिटं. तुझी बोट २६ फुटांच्या आतली आहे, म्हणजे इंजिन बंद करणारी ती लाल दोरी बोट पळत असताना चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली असणं २०२१ पासून कायद्यानेच लागतं. मेहुण्याला बोटीच्या टोकावर बसून टोपीसकट फोटो काढायचा असेल तर बंदरात काढू दे.

जिना_हेझकडून_पुढे

हर्णैकरांनी पाण्याचं सांगितलं, मी कागदांचं सांगते. वकील नाही, पण या चक्रातून घरातले सगळे पिळून निघालेत.

मेहुणे: अमेरिकेचा पर्यटक व्हिसा कॅनडात चालत नाही. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो, त्याला बायोमेट्रिक आणि वेळ दोन्ही लागतं. लेबर डेपर्यंत होईल असं धरू नका.

तुम्ही: ग्रीन कार्ड आणि चालू भारतीय पासपोर्ट, दोन्ही मूळ प्रती. २०२२ पासून ग्रीन कार्डवाल्यांना कॅनडासाठी व्हिसाही नको आणि ईटीएही (ऑनलाइन प्रवेश-परवानगी) नको. पासपोर्टची मुदत मात्र बघा, आमच्याकडे एकाची संपलेली निघाली ती सीमेच्या आदल्या रात्री.

एच-वन-बी मित्र: जाताना अडचण नाही, व्हिसा आहे. येताना स्टँप संपलेला असला तरी कॅनडाची तीस दिवसांच्या आतली फेरी असेल, आय-९४ चालू असेल आणि तिथे असताना नवीन स्टँपसाठी अर्ज केला नसेल तर परत येता येतं. या नियमाला 'ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन' म्हणतात, छापून सोबत ठेवा. तरी आपल्या वकिलाला एक मेल टाकाच.

परत येताना अमेरिकेतला पहिला थांबा हा नोंदणीचं बंदर असायला हवा: फ्रायडे हार्बर, रोश हार्बर, पोर्ट एंजेलिस, ॲनाकॉर्टिस वगैरे. वाटेत कुठल्याशा सुंदर बेटावर नांगर टाकून पोहे खायचे नाहीत. सीबीपीचं (अमेरिकेच्या सीमा आणि कस्टम्स खात्याचं) रोम नावाचं ॲप आहे, त्यावर नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांचं बहुधा भागतं. एच-वन-बीवाल्याला प्रत्यक्ष अधिकाऱ्यासमोर उभं राहावं लागेल असं धरूनच बंदर आणि वेळ निवडा. एखाद्याचे कागद कमी पडले तर त्रास त्या माणसाला होतोच, पण बोटमालकालाही होतो.

आणि गांजा. वॉशिंग्टन राज्यात कायदेशीर, कॅनडात २०१८ पासून कायदेशीर, पण मधली रेघ ओलांडताना दोन्हीकडे बेकायदा. नागरिक नसलेल्याने तर गमतीतही जवळ बाळगू नये. बोट सेकंडहँड आहे म्हणता, तेव्हा आधीच्या मालकाने कुठल्या कप्प्यात काय ठेवलंय ते निघायच्या आधी उपसून बघा.

रेडमंडचा_रम्या

बाप रे. धन्यवाद, दोघांनाही. मेहुण्याला सांगितलं, तो जेवला नाही.

हर्णैकर काका, मग उपाय काय? जाऊच नये का? किकर इंजिन नाहीये, पण मालक लावून घ्यायला तयार झालाय (तो वाचतोय, मेसेज आला). पेट्रोलची टाकी १२० गॅलनची आहे. आणि हो, बोट ट्रेलरवर मावते, त्याच्याकडे ओढायला ट्रकही आहे. याने काही फरक पडतो का?

हर्णैकर

ट्रेलर आहे हे आधी सांगायचंस! फरक पडतो म्हणजे सगळाच पडतो.

शिलशोलचा नाद सोड. बोट ट्रेलरवर घालून ॲनाकॉर्टिसला जा, वॉशिंग्टन पार्कच्या रॅम्पवरून पाण्यात सोड. तिथून रोझारियो सामुद्रधुनी आडवी ओलांडली की थॅचर पासमधून तू सॅन वान बेटांच्या आत. फ्रायडे हार्बर वीसेक मैल, त्यातलं उघडं पाणी थोडंसंच. पहिली रात्र तिथे. हे अजून अमेरिकाच आहे, तेव्हा मेहुणाही येऊ शकतो. त्याला जेवायला सांग.

दुसऱ्या सकाळी धुकं उठलं की उत्तरेच्या बाजूने स्पायडन चॅनेलमधून हॅरो सामुद्रधुनी ओलांडून सिडनीला. ऑस्ट्रेलियातलं नव्हे, व्हँकुव्हर बेटावरचं. हेही वीसच्या आतबाहेर, आणि उघड्या पाण्याचा पट्टा पाच-सहा मैलांचा. सिडनीच्या मरीनाच्या धक्क्यावरून कॅनडाच्या कस्टम्सला फोन करता येतो. तिथून व्हिक्टोरिया शहर बसने तासाभरात. हवा फारच गुणी निघाली तर पाण्यानेही जाता येतं, पण ट्रायल आयलंडपाशी पुन्हा तसलंच उकळतं पाणी आहे, प्रवाहाची वेळ बघूनच. माझं मत विचारशील तर बस. फोटो बंदराचा हवाय ना, तो चालत जाऊनही येतो.

मेहुणा फ्रायडे हार्बरहून वॉशिंग्टन स्टेट फेरीने ॲनाकॉर्टिसला परत. पायी चढणाऱ्याला आरक्षण लागत नाही. गाडीवाल्यांना लेबर डेला ते आधीच करावं लागतं, नाहीतर ते रांगेत म्हातारे होतात.

पेट्रोलचा नियम जुना आहे: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हात लावायचा नाही. १२० गॅलनमधले ४० जायला. असल्या बोटीला गॅलनमागे सव्वा-दीड सागरी मैल मिळाला तर खूप, म्हणजे पन्नास-साठ मैल. तुझे मूळचे सत्तर यात बसतच नव्हते. आणि तेही बोट पाण्यावर चढून पळत असताना. लाटांमुळे वेग कमी करावा लागला आणि बोट खाली बसली की इंजिन दुप्पट पितं. ॲनाकॉर्टिसहून गेलास तर फ्रायडे हार्बरला पुन्हा भरता येतं.

निघायच्या सकाळी काय बघायचं? एनओएएचा (अमेरिकेच्या समुद्र-हवामान संस्थेचा) सागरी अंदाज, कॅनडाचा अंदाज, आणि मग प्रत्यक्ष आकडे. न्यू डंजनेसचा बोया (तरंगतं मोजमाप यंत्र), नंबर ४६०८८, वारा आणि लाट दोन्ही सांगतो. रेस रॉक्सच्या दीपगृहाचा आकडाही बघ. वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे तिथला आकडा आधी चढतो आणि तुला थोडी सवड मिळते. अंदाज आणि बोया यांचं भांडण झालं तर बोयाचं ऐक.

रेडिओबद्दल दोन शब्द. अमेरिकेच्या पाण्यात साध्या बोटीला व्हीएचएफचा परवाना लागत नाही, पण परदेशी बंदरात जाणार असशील तर एफसीसीचा (अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचा) जहाज परवाना आणि चालवणाऱ्याचा परवाना, दोन्ही लागतात. मालकाने एमएमएसआय क्रमांक (रेडिओवरची बोटीची ओळख) फुकटवाला घेतला असेल तर तो फक्त इथल्या पाण्यापुरता असतो. रेडिओवर १६ नंबरचं चॅनल कायम चालू, आणि जहाजांच्या मार्गिकेजवळ असाल तेव्हा हॅरोकडे ११ नंबरवर व्हिक्टोरिया ट्रॅफिक (जहाजवाहतूक नियंत्रण) ऐकत राहा. बोलायचं काही नसतं. कुठलं जहाज कुठे आहे ते कळतं.

एवढं करून सोमवारी वारा असेल तर? बोट सिडनीच्या मरीनात ठेवा, तुम्ही व्हिक्टोरियाहून क्लिपरने सिएटलला या, आणि मालकाने पुढच्या शनिवारी जाऊन बोट आणावी. कोहो फेरीही आहे, १९५९ पासून व्हिक्टोरिया ते पोर्ट एंजेलिस चालते, दीड तास. मंगळवारच्या मीटिंगसाठी बोट पाण्यात घालणारे लोक मी बघितले आहेत, ओल्या चड्डीत आणि हिरव्या चेहऱ्याने. परतीचं तिकीट कुठे आणि कितीला मिळतं ते जायच्या आधी बघून ठेव, म्हणजे तिथे बसून पैशाचा विचार होत नाही.

बखरीतला_उंदीर

सॅन वान बेटांचा विषय निघालाच आहे म्हणून. ज्या रेघेवरून तुम्ही कॅनडात जाणार ती रेघ तिथे का आहे याचं कारण एक डुक्कर आहे. १८४६ च्या करारात हद्द "खाडीच्या मधून" असं मोघम लिहिलं, पण मध्ये बेटं, मग रोझारियो सामुद्रधुनी धरायची की हॅरो? १८५९ मध्ये सॅन वान बेटावर एका अमेरिकन शेतकऱ्याने आपले बटाटे खाणारं इंग्रज कंपनीचं डुक्कर गोळी घालून मारलं. त्यावरून दोन्हीकडचं सैन्य आणि युद्धनौका जमल्या, आणि डुकराखेरीज कोणी मेलं नाही. मग बारा वर्षं दोन्ही सैन्यं एकाच बेटाच्या दोन टोकांना तळ ठोकून होती, एकमेकांकडे जेवायला जायची. शेवटी १८७२ मध्ये जर्मनीच्या कैसरने निवाडा दिला, हॅरो. दोन्ही तळ अजून बघता येतात, इंग्रजांचा तळ रोश हार्बरच्या जवळच आहे.

हर्णैकर

डुकराचं राहू दे, रम्याचा फोन त्या बेटाच्या पश्चिमेला आपोआप कॅनडाचं नेटवर्क पकडतो आणि बिल येतं. रोमिंग बंद कर.

जेम्स_बे_वाली

मी व्हिक्टोरियात राहते, खिडकीतून रेमर पॉइंटचा कस्टम्सचा धक्का दिसतो. उन्हाळ्यात शनिवारी दुपारी हा माझा टीव्ही. सिडनीतही पद्धत हीच, म्हणून लिहिते.

बोट लागते. दोऱ्या बांधून झाल्या की फक्त कप्तानाने धक्क्यावर राहायचं, बाकी सगळ्यांनी बोटीत. इथेच गंमत होते. पाच तास आखडून बसलेली माणसं, धक्का पायाशी, आणि कोणीतरी "जरा पाय मोकळे करतो" म्हणून उतरतंच. कप्तान फोनवर बोलता बोलता हाताने हुसकावत असतो. फोनवर प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, नागरिकत्व, किती दिवस, कुठे राहणार, दारू-तंबाखू-शस्त्र काय आहे, सगळं विचारतात. म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट आधीच एका प्लास्टिकच्या पिशवीत कप्तानाकडे द्या. मागच्या महिन्यात एकाचा पासपोर्ट केबिनमध्ये गादीखाली, गादीवर बॅगा, बॅगांवर कुत्रा, आणि फोनवर अधिकारी थांबलेला. शेवटी एक क्रमांक देतात. तो मोठ्या अक्षरात लिहून खिडकीला लावायचा, मग बाकीच्यांनी उतरायचं. व्हिसावरचा माणूस असेल तर अधिकारी येऊन बघेपर्यंत थांबवू शकतात.

दारू माणशी एकच प्रकार: दीड लिटर वाइन, किंवा १.१४ लिटर कडक, किंवा साडेआठ लिटर बिअर. जास्त असेल तर सांगून टाका, कर भरा, सुटा. खायचं शिजवलेलं आणा. येताना ताजा कढीपत्ता अमेरिकेत न्यायचा नाही, लिंबाच्या जातीच्या झाडांच्या रोगामुळे बंदी आहे. इथल्या भारतीय दुकानात छान मिळतो म्हणून मोह होतो.

आणि पाण्याने व्हिक्टोरियाला याच म्हणालात तर: हे बंदर म्हणजे विमानतळ आहे. सीप्लेन मधोमध उतरतात. वेगमर्यादा तोंडाशी ७ नॉट, शोल पॉइंटच्या आत ५ नॉट, आत येताना उजवा किनारा धरून. पिवळ्या बोयांच्या आतली मधली पट्टी विमानांची. पांढरा दिवा लुकलुकायला लागला की विमान येतंय किंवा निघतंय. रात्रीसाठी एम्प्रेस हॉटेलच्या समोरच कॉजवे मरीना आहे. सुट्टीत आधी बुकिंग करा, नाहीतर फिरत बसाल.

रेडमंडचा_रम्या

मंडळी, बेत बदलला. शुक्रवारी संध्याकाळी ट्रेलर घेऊन ॲनाकॉर्टिस. शनिवारी फ्रायडे हार्बर, चौघंही. रविवारी आम्ही तिघं सिडनी, आणि माझी बायको शनिवारीच फेरीने फ्रायडे हार्बरला येऊन मेहुण्याबरोबर (म्हणजे तिच्या भावाबरोबर) बेटावर राहणार. देवमासे बघायचे आहेत त्यांना, लाइम किल्नच्या किनाऱ्यावरून दिसतात म्हणे. मंगळवारची रजा टाकली. विम्याचं पान वाचलं, कॅनडाची हद्द आत आहे. एफसीसीचे दोन्ही अर्ज मालकाने भरले. वकिलाचं उत्तर यायचंय.

एकच उरलं. पाण्यात देवमासे दिसले तर आम्ही जवळ जाऊ शकतो का?

हर्णैकर

नाही. इथल्या ओर्कांपासून हजार यार्ड लांब राहायचं, वॉशिंग्टन राज्यात २०२५ च्या जानेवारीपासून कायदाच आहे. जवळ आलेच तर इंजिन न्यूट्रलला टाकून थांबा. बायको आणि मेहुण्याला किनाऱ्यावरून तुमच्यापेक्षा चांगले दिसतील.

रजा टाकलीस ते उत्तम. मालकाला सांग, किकर लावल्यावर एकदा लेकवर मोठं इंजिन बंद करून फक्त त्याच्यावर अर्धा तास बोट चालवून बघ. आणि ॲनाकॉर्टिसला रॅम्पवरून बोट सोडताना ड्रेन प्लग (बोटीच्या तळाच्या भोकाचं बूच) लावलाय का ते दोघांनी बघा.